मायक्रोन्यूक्लियस चाचणी: पेशी विभागली की नाही, हे आधी पाहा

रसायन गुणसूत्रांना इजा करते का, हे पेशींतली सूक्ष्मकेंद्रके (मायक्रोन्यूक्लियस) मोजून ही चाचणी पाहते. तिचे दोन तऱ्हेचे निकाल माझ्याकडे पुन्हा पुन्हा तपासायला येतात. पहिल्यात रसायन निर्दोष ठरलेले असते, पण स्लाइड लावली की दिसते, बहुतेक पेशींत एकच केंद्रक आहे. रसायनाच्या संपर्कात त्या विभागल्याच नव्हत्या. दुसऱ्यात रसायन घातक ठरलेले असते, आणि सूक्ष्मकेंद्रके वाढलेली दिसतात ती फक्त अशा तीव्रतेला, जिथे जवळपास सगळ्या पेशी मेल्या आहेत. दोन्ही अहवालांत कोष्टके नेटकी असतात, आणि दोन्हींतून रसायनाबद्दल काहीच कळत नाही.

सूक्ष्मकेंद्रक कसे तयार होते हे पक्के डोक्यात असेल तर या चुका टळतात. रसायनाने गुणसूत्र तुटले, किंवा गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे तंतू बिघडले, की एखादा तुकडा किंवा आख्खे गुणसूत्र विभाजनाच्या वेळी मागे राहते आणि मुख्य केंद्रकाबाहेर त्याचा छोटा गोळा होतो. विभाजन झाले नाही, तर इजा कितीही असो, गोळा दिसणार नाही. म्हणून आपण सायटोकॅलेसिन बी घालतो. त्याने केंद्रक विभागते पण पेशी दुभंगत नाही, आणि एकदा विभागलेली प्रत्येक पेशी दोन केंद्रकांमुळे ओळखू येते. मोजायचे ते याच द्विकेंद्रकी पेशींमध्ये.

खालचा क्रम ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या ४८७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेला धरून आहे. मुख्य आकडे तिथलेच आहेत. भर मात्र मी जिथे लोक अडखळतात तिथे दिला आहे.

## १. रसायन उघडण्याआधी पेशी ओळखा

टीके६, व्ही७९, सीएचओ यांसारखी स्थिर पेशीमालिका घ्या किंवा माणसाच्या रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). लिम्फोसाइट घेत असाल तर दाता निरोगी, धूम्रपान न करणारा आणि साधारण १८ ते ३५ वयाचा असावा, कारण वय वाढते तशी सूक्ष्मकेंद्रकांची मूळ संख्याही वाढते. पेशीमालिका घेत असाल तर तिच्यात पी५३ (डीएनएला इजा झाली की पेशीला थांबवणारे प्रथिन) कार्यरत आहे का, हे नोंदवा. पी५३ बिघडलेल्या पेशींमध्ये खोटे होकारार्थी निकाल जास्त येतात. निवड मोकळी असेल तेव्हा मी टीके६ किंवा लिम्फोसाइटच घेते.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी टाळू नका. मीडियम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रावण) गढूळ होत नाही, पेशी वाढतही राहतात, म्हणून संसर्ग महिनोन् महिने लक्षात येत नाही. शिवाय डीएनएला चिकटणारा रंग वापरला तर पेशीद्रव्यात चमकणारे बारीक ठिपके दिसतात, आणि नवखा माणूस त्यांनाच सूक्ष्मकेंद्रके समजतो.

आता दुपटीचा काळ, म्हणजे पेशींची संख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ. पुस्तकातला आकडा उचलू नका. तुमच्या मीडियममध्ये, तुमच्या सिरमच्या बॅचमध्ये मोजा. पेशी टाकल्यापासून मोजायला सुरुवात करणे ही इथली नेहमीची चूक. पहिले काही तास पेशी सावरत असतात. २४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी एकदा मोजा. समजा २४व्या तासाला २ लाख आणि ४८व्या तासाला ६.४ लाख पेशी मिळाल्या. म्हणजे २४ तासांत ३.२ पट वाढ, आणि दुपटीचा काळ सुमारे १४.३ तास. पुढचे सगळे वेळापत्रक या एका आकड्यावर उभे राहणार आहे.

तपासा: पेशी गोठवणीतून काढल्यावर किती पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) झाले याची नोंद फ्लास्कवरच आहे का? प्रयोगाच्या दिवशी पेशी भरभर वाढण्याच्या टप्प्यात आहेत का? तळ पूर्ण भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी विभागणे थांबवतात. त्या या चाचणीसाठी निरुपयोगी.

## २. रसायन विरघळवणे

सर्वांत वरची तीव्रता किती? विषारीपणा किंवा साका (रसायनाचा न विरघळलेला भाग) आड येत नसेल तर १० मिलिमोलर, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम किंवा मिलिलिटरला २ मायक्रोलिटर, यांपैकी जी सर्वांत कमी ती. रेणुभार २०० पेक्षा जास्त असेल तर २ मिलिग्रॅमची मर्यादा आधी येते. रेणुभार २५० असलेल्या पदार्थाचे १० मिलिमोलर म्हणजे मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणून तिथे २ वरच थांबायचे. डोळे झाकून १० मिलिमोलर घेणारे पुष्कळ भेटतात.

द्रावक निवडताना पहिली पसंती पाण्याला किंवा मीडियमलाच. सेंद्रिय द्रावकाचे शेवटचे प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ नये, आणि पाण्यासारखा जलीय द्रावक १० टक्क्यांच्या. डीएमएसओ हा सेंद्रिय द्रावक सोयीचा आहे, पण तो प्रत्येक रेणूला मानवतो असे नाही. सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या संयुगांशी त्याची अभिक्रिया होते आणि त्यांचा प्रभाव कमी होतो.

सावधान: सायटोकॅलेसिन बीसुद्धा बहुधा डीएमएसओमध्येच विरघळवलेले असते. ते शेवटी मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम हवे असेल आणि साठा मिलिलिटरला २ मिलिग्रॅमचा असेल, तर त्यातूनच ०.३ टक्के डीएमएसओ जातो. रसायनाबरोबर आधीच १ टक्का गेला असेल आणि दोन्ही एकाच वेळी घातले, तर तुम्ही मर्यादा ओलांडली. बेरीज कागदावर करा, मनात नको.

वरच्या दोन-तीन तीव्रता मीडियममध्ये मिसळून पेशींशिवाय ठेवा. साका दिसतो का, सामू किती बदलला, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) किती वाढली, या तीन गोष्टी मोजा. मीडियम आम्लधर्मी झाले किंवा क्षारांची तीव्रता फार वाढली तर गुणसूत्रे त्यानेच तुटतात, आणि दोष रसायनावर येतो. वनस्पतिजन्य पॉलिफिनॉलच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. मीडियममध्ये त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि पेशींना इजा करते ते पेरॉक्साइड. हा परिणाम शरीरात तसाच होईल असे मानता येत नाही.

## ३. आधी छोटा प्रयोग, फक्त विषारीपणासाठी

हा टप्पा गाळला की मुख्य प्रयोग दोनदा करावा लागतो. मी तरी याला अपवाद पाहिलेला नाही.

वरच्या मर्यादेपासून खाली आठ-दहा तीव्रता घ्या आणि प्रत्येकीत पेशींचे विभाजन किती घटते ते पाहा. विषारी रसायनाची सर्वांत वरची तीव्रता विभाजन सुमारे ५५ टक्के घटवणारी असावी. पाच टक्के इकडेतिकडे चालते. कमी ठेवलीत तर ‘पुरेसे दिलेच नाही’ हा आक्षेप येतो. जास्त केलीत तर मरणाऱ्या पेशींचे फुटलेले केंद्रक सूक्ष्मकेंद्रकांत मोजले जाते.

काही रसायनांत विषारीपणाचा चढ उभा असतो. एका तीव्रतेला १० टक्के घट, दुप्पट केली की ९० टक्के. तिथे दुपटीच्या पायऱ्या सोडून मधल्या जवळजवळच्या तीव्रता घ्या. मुख्य प्रयोगात मोजण्याजोग्या तीन तीव्रता हव्यात, तेव्हा सुरुवातीला पाच-सहा लावणे शहाणपणाचे.

पेशी मुळीच मरत नसतील आणि रसायन नीट विरघळत नसेल, तर उपचाराच्या, म्हणजे पेशी रसायनात ठेवण्याच्या, शेवटी किंचित साका किंवा गढूळपणा दिसतो ती सर्वांत कमी तीव्रता तुमची वरची मर्यादा.

## ४. कंट्रोल आणि एस९

पुष्कळशी कर्करोगजन्य रसायने मुळात निरुपद्रवी असतात. यकृतातील एन्झाइम त्यांना घातक रूप देतात. संवर्धनातल्या पेशींत ही एन्झाइम फारशी नसतात. म्हणून उंदराच्या यकृतापासून केलेला एस९ अंश घालायचा, तोही सहघटकांसह: एनएडीपी, ग्लुकोज-६-फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार. एस९चे शेवटचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते, गरजेनुसार १० टक्क्यांपर्यंत नेता येते.

एस९ उणे ८० अंशांवर ठेवा, वापरायच्या दिवशी बर्फावर वितळवा, मिश्रण ताजे करा आणि उरलेले टाकून द्या. पुन्हा गोठवलेल्या एस९मध्ये एन्झाइमची ताकद उरत नाही. मग यकृतातून जाऊनच घातक होणारे रसायन तुमच्या अहवालात निर्दोष म्हणून बाहेर पडते. माझ्या मते या चाचणीतली ही सर्वांत घातक चूक, कारण ती कुठेच दिसत नाही. पकडणारा एकच पहारेकरी आहे, तो म्हणजे एस९सोबतचा होकारार्थी कंट्रोल, म्हणजे इजा करते हे आधीच माहीत असलेले रसायन.

त्यासाठी सायक्लोफॉस्फामाइड किंवा बेंझोपायरीन घ्या. दोघांनाही एस९ लागतो. एस९ नसलेल्या भागासाठी मायटोमायसिन सी किंवा मिथाइल मिथेनसल्फोनेट, आणि आख्खे गुणसूत्र मागे ठेवणाऱ्या रसायनांचे उदाहरण म्हणून कोल्चिसिन किंवा विनब्लास्टिन. या कंट्रोलची मात्रा मध्यम ठेवा. मायटोमायसिन भरमसाट घातले की निम्म्या झोपेतही सूक्ष्मकेंद्रके दिसतील. चाचणी सौम्य परिणाम पकडते का, हे त्यातून कळणार नाही.

सावधान: द्रावकाचा कंट्रोल (रसायनाशिवाय फक्त द्रावक) दोन्ही भागांत वेगळा लावा. एस९ असलेल्या रसायनाची तुलना एस९ नसलेल्या द्रावकाशी करता येत नाही. आणि ही सगळी कंट्रोल रसायने स्वतःच पेशींना इजा करणारी आहेत, सायटोकॅलेसिन बीसुद्धा विषारी आहे. हातमोजे, हूड आणि वेगळा कचरा यांत सूट नाही.

## ५. मुख्य प्रयोग: घड्याळ कधी सुरू होते

तीन भाग लावायचे.

पहिला, ३ ते ६ तासांचा उपचार, एस९ नाही. दुसरा, ३ ते ६ तासांचा उपचार, एस९सह. तिसरा, एस९शिवाय सलग उपचार, पेशी गोळा करेपर्यंत. एस९ स्वतः पेशींना जड जातो, म्हणून तो सलग ठेवत नाहीत.

पेशी गोळा करायच्या त्या उपचार सुरू झाल्यापासून दीड ते दोन पेशीचक्रांनी. दुपटीचा काळ १४ तास असेल तर २१ ते २८ तासांनी. घड्याळ रसायन घातल्यापासून सुरू होते, धुतल्यापासून नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून वहीत लिहून घेते.

लिम्फोसाइटना आधी जागे करावे लागते. त्यांना विभागायला लावणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घातल्यावर ४४ ते ४८ तासांनी त्या विभाजनाच्या लयीत येतात, आणि रसायन तेव्हा घालायचे. पहिल्याच दिवशी घातले तर तुम्ही झोपलेल्या पेशींवर प्रयोग करत आहात.

छोट्या उपचाराचा क्रम असा: रसायन घाला, ३ ते ६ तास ठेवा, मीडियम काढा, पेशी धुवा, ताजे मीडियम सायटोकॅलेसिन बीसह द्या, ठरल्या वेळेपर्यंत वाढू द्या. धुणे अर्धवट झाले की छोटा उपचार नकळत सलग होतो. तरंगणाऱ्या पेशी दोनदा सेंट्रिफ्यूज करून धुवा, आणि धुताना किती पेशी गेल्या याचा अंदाज घ्या.

सलग उपचारात सायटोकॅलेसिन बी रसायनासोबतच घालता येते. मात्रा बहुतेक पेशींसाठी मिलिलिटरला ३ ते ६ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान बसते, पण तुमच्या पेशींसाठी ती आधी ठरवून घ्या. कमी पडले तर पेशी दुभंगून जातात, जास्त झाले तर त्या मरायला लागतात. नॅनोकणांची चाचणी करत असाल तर मात्र सोबत घालू नका. सायटोकॅलेसिन बीमुळे पेशीची कण आत ओढून घेण्याची क्रिया रोखली जाते आणि कण आत पोचतच नाहीत. आधी कणांना वेळ द्या, मग ते घाला.

तपासा: सायटोकॅलेसिन बी द्रावकाच्या कंट्रोलसह प्रत्येक फ्लास्कमध्ये गेले का? घालताना एकेका फ्लास्कवर खूण करत जा.

## ६. पेशी गोळा करणे, स्लाइड करणे

गुणसूत्रे पसरवण्याची सवय असलेल्या हातांचा इथे घात होतो. त्या कामात पेशी फुगवून फोडायची असते. इथे उलट आहे: पेशीद्रव्य शाबूत राहिले नाही तर दोन केंद्रके एकाच पेशीतली की शेजारच्या दोन पेशींतली, हे सांगता येत नाही. पोटॅशियम क्लोराइडचे विरळ द्रावण वापरायचेच असेल तर थंड आणि अगदी थोडा वेळ. पेशी आपोआप छान पसरत असतील तर ते वगळलेले बरे.

रंगासाठी जिम्सा चालतो, पण तो डीएनएपुरता थांबत नाही. पेशीद्रव्यातील कणही रंगवतो. ऍक्रिडीन ऑरेंज वापरले तर डीएनए हिरवे-पिवळे आणि आरएनए असलेले पेशीद्रव्य लालसर दिसते, आणि पुष्कळ शंका तिथल्या तिथे मिटतात. रोगजंतू किंवा साका यांचा संशय असलेल्या स्लाइडसाठी मी जिम्सावर विसंबत नाही.

स्लाइड तयार झाल्या की त्यांच्यावरची नावे झाकून सांकेतिक क्रमांक द्या, तेही मोजणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणीतरी. होकारार्थी कंट्रोलच्या स्लाइडनाही हेच.

## ७. सूक्ष्मकेंद्रकांआधी विभाजन मोजा

प्रत्येक संवर्धनातल्या किमान ५०० पेशी घ्या. एक केंद्रक असलेल्या, दोन असलेल्या आणि त्याहून जास्त असलेल्या वेगळ्या मोजा. मग पहिल्यांना १ ने, दुसऱ्यांना २ ने, तिसऱ्यांना ३ ने गुणून बेरजेला एकूण पेशींनी भागा. हा सीबीपीआय निर्देशांक, पेशी सरासरी किती विभागल्या हे सांगणारा.

उदाहरण घेऊ. द्रावकाच्या कंट्रोलमध्ये २०० एककेंद्रकी, २७५ द्विकेंद्रकी, २५ बहुकेंद्रकी. निर्देशांक १.६५. रसायनाखाली ३४०, १५० आणि १०. निर्देशांक १.३४.

आता घट किती? बरेच जण १.३४ ला १.६५ ने भागतात आणि घट १९ टक्के लिहितात. हे चूक आहे. एकही पेशी विभागली नाही तरी निर्देशांक १ येतो, शून्य नाही. म्हणून दोन्हींतून आधी १ वजा करायचा: ०.३४ भागिले ०.६५ म्हणजे सुमारे ५२ टक्के. घट ४८ टक्के. एक वजा करायला विसरलात तर खरोखर ५५ टक्के घट असलेली तीव्रता तुम्हाला सौम्य वाटेल, तुम्ही आणखी वर जाल आणि मेलेल्या पेशींत मोजत बसाल. सुरुवातीला ज्या घातक ठरवणाऱ्या अहवालाबद्दल लिहिले, तसे अहवाल बऱ्याचदा इथेच जन्माला येतात.

तपासा: घट ६० टक्क्यांच्या वर गेलेली तीव्रता मोजणीतून वगळा. आणि कंट्रोलमध्येच द्विकेंद्रकी पेशी तुरळक असतील तर पुढे जाऊ नका. वेळापत्रक किंवा सायटोकॅलेसिन चुकले आहे. प्रयोग पुन्हा लावा.

## ८. सूक्ष्मकेंद्रके मोजणे

आधी पेशी पात्र आहे का ते पाहा. दोन केंद्रके साधारण सारख्या आकाराची, सारख्या रंगाची, एकाच शाबूत पेशीद्रव्यात असावीत. केंद्रके एकमेकांना टेकलेली असली तरी कडा वेगळ्या ओळखता याव्यात. आकसलेल्या, तुकडे झालेल्या केंद्रकांच्या पेशी सोडून द्या.

मग सूक्ष्मकेंद्रक. ते गोल किंवा अंडाकृती असते, व्यास मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी. रंग मुख्य केंद्रकासारखाच, कधी किंचित गडद. फोकस वरखाली केला तर चकाकत नाही. चकाकला तर तो रंगाचा कण. मुख्य केंद्रकाला टेकलेले चालते, पण मध्ये दोरा असला किंवा ते केंद्रकावर चढलेले असले तर मोजू नका.

किती पेशी? प्रत्येक तीव्रतेला किमान २००० द्विकेंद्रकी, जोडीच्या संवर्धनांत सारख्या वाटून. एवढ्या कशाला, असे दर वेळी विचारले जाते. समजा कंट्रोलमध्ये हजारी १० पेशींत सूक्ष्मकेंद्रके असतात. ५०० पेशी पाहिल्या तर अपेक्षा ५ ची, आणि निव्वळ योगायोगाने ३ किंवा ७ सहज येतात. म्हणजे काहीही न होता दुपटीहून जास्त फरक. २००० मध्ये अपेक्षा २० ची, आणि योगायोगाचा हेलकावा साधारण चार-पाचचा. सौम्य परिणाम दिसायला हवा असेल तर डोळे शिणवावेच लागतात. दोन माणसे मोजत असतील तर एकाने एक तीव्रता आणि दुसऱ्याने दुसरी असे वाटू नका. प्रत्येक तीव्रतेचा अर्धा भाग दोघांकडे जाऊ द्या.

## ९. निकाल लिहिताना

होकारार्थी म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात: निदान एका तीव्रतेला सोबतच्या कंट्रोलपेक्षा सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय वाढ, तीव्रतेबरोबर चढता कल, आणि तुमच्या प्रयोगशाळेतील आजवरच्या कंट्रोलच्या पट्ट्याबाहेर पडलेला आकडा. तिन्ही भागांत यांपैकी एकही गोष्ट दिसली नाही आणि वरची तीव्रता योग्य होती, तर नकारार्थी. एक-दोन आल्या तर आणखी पेशी मोजा, नाहीतर तीव्रता जवळजवळ घेऊन तोच भाग पुन्हा लावा. आजवरच्या कंट्रोलची नोंदच नसेल तर ती तयार होईपर्यंत कोणाला निकाल देऊ नका.

होकारार्थी निकालाचा अर्थ ‘हे कर्करोगजनक आहे’ असा लिहू नका. ‘या परिस्थितीत हे गुणसूत्रांना इजा करते’ एवढेच लिहा. नकारार्थी निकालाचेही तसेच. डीएनएला हात न लावता पेशींची वाढ भडकवून कर्करोग घडवणारी रसायने या चाचणीत दिसत नाहीत. जिवाणूंवरची एम्स चाचणी जनुकातील बदल पकडते, पण गुणसूत्र ओढणारे तंतू बिघडवणारे रसायन तिच्या हाती लागत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या जोडीने लावतात.

आणि होकारार्थी आलेच, तर एक पायरी उरते. सूक्ष्मकेंद्रकांत गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राचा तंतूंना जोडला जाणारा भाग) आहे का, ते प्रतिपिंडाने किंवा डीएनए प्रोबने रंगवून पाहा. बहुतेकांत तो नसेल तर रसायन गुणसूत्र तोडते. बहुतेकांत असेल तर ते आख्खे गुणसूत्र मागे ठेवते. हा भेद शास्त्रीय हौस नव्हे. तंतूंवर काम करणाऱ्या रसायनाचा परिणाम एका ठरावीक मर्यादेखाली थांबतो असे मानायला आधार असतो, डीएनएवर थेट घाव घालणाऱ्याबाबत तसे सहसा गृहीत धरत नाहीत, आणि माणसांसाठी किती मात्रा सुरक्षित हा हिशोब यावरच बदलतो. त्यासाठी न रंगवलेल्या चार-पाच जादा स्लाइड सहाव्या टप्प्यातच बाजूला काढून उणे २० अंशांवर ठेवा.